फिल्टरवरचं क्रोमचं कव्हर: आधी त्याच्या मागे काय आहे ते ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मोटरसायकलच्या ऑइल फिल्टरवर शोभेचं क्रोम कव्हर आहे, त्याचं क्रोम उडालंय आणि नवीन बसवायचंय. त्यासाठी इंजिनमधलं ऑइल काढावं लागेल का, एक स्क्रू जाम झालाय त्याचं काय करायचं, आणि नवं कव्हर किती आवळायचं?

कव्हरच्या मागे ऑइल आहे की नुसती हवा, हे कळल्याशिवाय यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. शोभेचा तुकडा समजून बोल्ट सोडला आणि तो खऱ्या झाकणाचा निघाला, तर ऑइल थेट सायलेन्सरच्या बेंडवर आणि मागच्या टायरवर जातं. त्याहून वाईट म्हणजे, तोच बोल्ट ‘शोभेचाच तर आहे’ म्हणून हलका आवळून गाडी रस्त्यावर काढली, तर इंजिन चालू असताना पंपाचा दाब त्या सांध्यावर येतो आणि ऑइल धार धरून बाहेर पडतं. त्यामुळे पाना हातात घेण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघण्यात घालवा.

ही कव्हरं तीन तऱ्हांची असतात. पहिली तऱ्हा टोपीची. बाहेरून फिरवून बसवायच्या डबाफिल्टरवर क्रोमची टोपी सरकवलेली असते. ती बाजूच्या ग्रब स्क्रूंनी (डोकं नसलेल्या, पूर्ण आत जाणाऱ्या स्क्रूंनी), आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांनी, आतल्या रबरी रिंगच्या पकडीने किंवा सिलिकॉनने धरलेली असते. दुसऱ्या तऱ्हेत फिल्टर इंजिनच्या आत असतो, त्याला स्वतःचं झाकण असतं, आणि त्या झाकणावर क्रोमचा तुकडा वेगळ्या छोट्या स्क्रूंनी किंवा रबरी बुशमध्ये दाबून बसवलेला असतो. या दोन्हींत ऑइल काढायची गरज नाही. तिसरी तऱ्हा फसवी. तिच्यात शोभेचा तुकडा आणि ऑइल अडवणारं झाकण दोन्ही एकाच बोल्टांनी आवळलेले असतात, किंवा ते क्रोम केलेलं झाकणच ऑइल अडवत असतं.

ओळखायचं कसं? कव्हर आणि कडा नीट पुसून घ्या, टॉर्च तिरपा धरून सांध्याची रेघ बघा. कव्हरची कड इंजिनच्या कास्टिंगला चहूबाजूंनी घट्ट टेकलेली असेल आणि मध्ये पॅकिंगची बारीक काळी किंवा राखाडी रेघ दिसत असेल, तर ते खरं झाकण आहे. जाड कागदाचा कोपरा फटीत सहज आत जात असेल, तर तो बाहेरचा तुकडा शोभेचा आहे. पण एवढ्यावर थांबू नका. एकावर एक अशा दोन रेघा दिसल्या तर बाहेरच्या रेघेत कागद जाईल आणि तरी बोल्ट दोघांचा एकच असू शकतो. अशा वेळी गाडीच्या पार्ट्स कॅटलॉगमधलं सुट्या भागांचं चित्र बघा. बोल्टची रेघ शोभेच्या कव्हरमधून निघून झाकण, ओ-रिंग (ऑइल अडवणारी गोल रबरी कडी) आणि मग इंजिन अशी जात असेल, तर ही तिसरी तऱ्हा समजा.

चित्र मिळालं नाही तर इंजिन बंद आणि थंड असताना, खाली ट्रे ठेवून, सगळ्यांत खालचा बोल्ट फक्त पाव फेरा सैल करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. खालची कड बोटाने पुसून बघा. बोटाला ताजं ऑइल लागलं तर बोल्ट परत आवळा आणि आधी ऑइल काढायची तयारी करा. बोट कोरडं राहिलं तरी ट्रे जागेवरच असू द्या.

हत्यारांबद्दल एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण इथे होणारं निम्मं नुकसान चुकीच्या मापाच्या ॲलन कीने होतं. साध्या उंच डोक्याच्या एम ६ (म्हणजे आट्यांचा व्यास ६ मिमी) बोल्टला ५ मिमीची ॲलन की लागते. गोल घुमटी डोक्याच्या एम ६ ला मात्र ४ मिमीची, आणि तशाच एम ५ ला ३ मिमीची. शोभेच्या कव्हरवर हीच घुमटी डोकी जास्त असतात आणि त्यांची खाच उथळ असते, त्यामुळे की पूर्ण आत न बसवता जोर लावला की सहा कोपऱ्यांची खाच गोल होते. ग्रब स्क्रूंना एम ५ साठी २.५ मिमी आणि एम ६ साठी ३ मिमी. अमेरिकन गाड्यांवर इंचाची मापं येतात. ३/१६ इंच म्हणजे ४.७६ मिमी. ही की ५ मिमीच्या खाचेत जाते, पण सैल बसते आणि खाच खाऊन टाकते. ५/३२ इंच मात्र ३.९७ मिमी असते, ती ४ मिमीच्या जागी जवळजवळ बरोबर बसते. घेताना टोकाला गोळा नसलेली सरळ की घ्या. गोळ्याची की तिरकी लावता येते हे खरं, पण जाम बोल्टवर ती चालवू नका.

जपानी गाड्यांवरच्या चौफुली खाचेच्या स्क्रूंचंही तसंच आहे. त्यांची खाच जपानी मानकाची असते आणि पुष्कळदा डोक्यावर एक बारीक ठिपका असतो. नेहमीचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर तिच्यात तळापर्यंत बसत नाही, म्हणून जोर लावला की वर उसळतो. जपानी मानकाचं टोक मिळवा, वर मुठीचा दाब द्या आणि मग फिरवा.

आता जाम झालेला स्क्रू. लोखंडी स्क्रू ॲल्युमिनियमच्या कास्टिंगमध्ये वर्षानुवर्षं ओलाव्यात राहिला की दोन धातूंमध्ये गंज धरतो. आट्यांत पांढरी भुकटी तयार होते आणि ती स्क्रूला सिमेंटसारखी धरून ठेवते. म्हणून पहिल्यांदा जोर लावू नका. वायर ब्रशने स्क्रूच्या डोक्याभोवतीची जागा साफ करा, खाचेतली माती टोचणीने काढा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी डोक्यावर पितळी ठोकणी ठेवून हातोडीचे चार-पाच सरळ, नेमके ठोके द्या. या धक्क्याने आट्यांतली भुकटी फुटते आणि तेल आत शिरतं. मग स्क्रू आधी किंचित आवळायच्या बाजूला हलवून बघा आणि नंतर सोडायच्या बाजूला. कित्येक स्क्रू असे पुढे-मागे करूनच निघतात.

तरी हलला नाही तर उष्णता द्या. गरम करायचं ते स्क्रूभोवतीचं कास्टिंग, स्क्रू नाही. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट पसरतं, त्यामुळे भोक मोठं होतं आणि पकड सुटते. त्यासाठी हॉट एअर गन वापरा. उघडी ज्योत पेट्रोलच्या टाकीखाली आणि नुकतंच मारलेल्या तेलाजवळ अजिबात नको. कव्हर प्लास्टिकचं असेल तर उष्णतेचा विचारच सोडा. चौफुली स्क्रूसाठी हातोडीने ठोकायचा हँड इंपॅक्ट ड्रायव्हर सगळ्यांत भरवशाचा, कारण तो एकाच वेळी आत दाबतो आणि फिरवतो. मात्र फिरवण्याची दिशा आधी हवेत तपासून घ्या, नाहीतर सोडायच्या ऐवजी आवळत बसाल.

खाच पूर्ण गोल झाली असेल तर शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत स्वच्छ उपाय म्हणजे डोकं उडवणं. मध्यावर पंच मारा, आधी ३ मिमीचं आणि मग एम ६ साठी ६.५ मिमीचं ड्रिल घालून फक्त डोक्याच्या जाडीपुरतं भोक करा. डोकं कव्हरपासून सुटून ड्रिलवर गोल फिरायला लागतं. कव्हर निघतं आणि स्क्रूचा दांडा बाहेर डोकावत राहतो. डोकं गेलं की ताण संपतो, म्हणून जो स्क्रू मघाशी हलत नव्हता तो आता पकडीने धरून बरेचदा सहज फिरतो. तुटका स्क्रू काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार लगेच वापरू नका. ते ठिसूळ आणि कडक असतं. आत तुटलं तर त्यावर साधं ड्रिल चालत नाही आणि छोटं काम मोठं होऊन बसतं. तिसऱ्या तऱ्हेच्या झाकणावर ड्रिल करायचं असेल तर झाकण बंद असतानाच करा, ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा म्हणजे चुरा चिकटून राहील, आणि झाकण उघडण्याआधी तो सगळा पुसून काढा. ॲल्युमिनियमचा चुरा ऑइलच्या वाटेत जाता कामा नये.

टोपीवजा कव्हर काढताना आधी ग्रब स्क्रू शोधा. ते खालच्या बाजूला किंवा मागे लपवलेले असतात. दोन-तीन फेरे सैल केले की पुरे, पूर्ण बाहेर काढले तर हरवतात. टोपी सरळ ओढून हलली नाही तर डावी-उजवी हलवत ओढा, पण फिरवण्याचा जोर टोपीमार्फत फिल्टरवर जाऊ देऊ नका. फिल्टर सोडायच्या बाजूला थोडासा जरी फिरला तरी त्याचं पॅकिंग सैल पडतं आणि पुढे ऑइल पाझरायला लागतं. सिलिकॉनने चिकटवलेल्या टोपीखाली मासेमारीचा नायलॉन दोरा करवतीसारखा ओढत न्या. स्क्रूड्रायव्हरने उचकटाल तर पातळ पत्र्याचा डबा चेपेल.

टोपी निघाली की फिल्टरचा डबा नीट तपासा. हे काम लोक हमखास टाळतात आणि खरा धोका नेमका इथेच असतो. ग्रब स्क्रू जिथे टेकत होते तिथे बोट फिरवा. नुसता रंग गेला असेल तर ठीक, पण नखाला खळगा लागत असेल तर तो फिल्टर परत वापरू नका. डब्याचा पत्रा पातळ असतो आणि आत पंपाचा दाब असतो. स्क्रूचं टोक, कंप आणि उष्णता मिळून तिथे भोक पडू शकतं. टोपी सैल होती आणि आत घासत होती, तर डब्याभोवती गोल चकचकीत पट्टा दिसेल. तोही पत्रा झिजल्याचाच पुरावा. टोपीच्या आत साचलेली माती आणि पाणी डब्याला मागून गंजवतं, ते बाहेरून कधीच दिसत नाही. खळगा, झीज किंवा गंज दिसला की फिल्टर बदला. तेव्हा जुन्या फिल्टरबरोबर त्याची रबरी रिंगही निघाली का ते बघाच. ती इंजिनला चिकटून राहिली आणि नवीन फिल्टर वर बसवला, तर दोन रिंगा एकमेकींवर घसरतात आणि काही मिनिटांत ऑइल बाहेर येतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट फिरवा आणि रिंग टेकल्यापासून किती फेरा द्यायचा हे फिल्टरवर छापलेलं असतं ते पाळा. साधारण पाऊण फेऱ्याच्या आसपास तो असतो.

नवी टोपी घेताना व्हर्निअरने फिल्टरचा व्यास आणि लांबी दोन्ही मोजा. एकाच गाडीला चालणारे वेगवेगळ्या कंपन्यांचे फिल्टर लांबीला वेगळे असतात, काहींच्या टोकाला सोडण्यासाठी षटकोनी नट असतो, आणि मग टोपी अर्धीच बसते. टोपी आतून फिल्टरच्या टोकाला टेकली आणि तरी कड इंजिनपासून दूर राहिली, तर ती त्या फिल्टरसाठी नाही. फिल्टर इंजिनच्या पुढे असेल तर टोपीची जास्तीची लांबी-रुंदी पुढच्या मडगार्डला आणि बेंड पाइपला अडते का तेही बघा. ब्रेक मारल्यावर सस्पेंशन दबतं आणि मडगार्ड मागे-वर येतं, म्हणून गाडी उभी असताना दिसणारी फट खरी धरू नका. कोणाला तरी पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबायला सांगा आणि तेव्हाची फट बघा.

ग्रब स्क्रूची टोपी असेल तर टोकाला नायलॉन असलेले स्क्रू वापरा. सगळे स्क्रू बोटांनी टेकवा, मग आळीपाळीने पाव-पाव फेरा द्या. टोपी हाताने फिरली नाही की थांबा. यापुढे आवळणं म्हणजे पत्र्यात खळगा पाडणं. टोपी तरी वाजत असेल तर उत्तर जास्त जोर हे नव्हे. आत उष्णता सोसणाऱ्या सिलिकॉन रबराची पातळ पट्टी किंवा मोठी ओ-रिंग घाला. सिलिकॉन सीलंट वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका. त्यातून सुटणारं आम्ल पत्र्याला आणि क्रोमला खातं. आम्ल न सोडणाऱ्या न्यूट्रल प्रकाराचे तीन छोटे ठिपके पुरतात आणि पुढच्या वेळी टोपी काढताही येते. दुहेरी चिकटपट्टी इथे लावू नका. गरम ऑइलमुळे डबा तापला की तिचा गोंद मऊ होतो आणि टोपी रस्त्यात सुटते.

दुसऱ्या तऱ्हेच्या, स्वतंत्र स्क्रूंच्या कव्हरमध्ये काम सोपं आहे. रबरी बुश कडक झालेले असतील तर बदला. कव्हर दाबून बसवताना बुशला साबणाचं पाणी लावा, ग्रीस किंवा पेट्रोल नको, त्याने रबर फुगतं. कव्हर क्रोम केलेल्या प्लास्टिकचं आहे का ते लोहचुंबक आणि वजनावरून ओळखा. प्लास्टिकवर ब्रेक क्लीनर मारू नका आणि त्याच्या स्क्रूंना थ्रेडलॉकही (आटे सैल होऊ न देणारा द्रव) लावू नका, दोन्हींनी प्लास्टिकला तडे जातात. धातूच्या कव्हरला निळ्या, मध्यम ताकदीच्या थ्रेडलॉकचा एक थेंब चालतो. लाल नको. जोराचं बोलायचं तर गाडीच्या मॅन्युअलमध्ये आकडा असेल तो पाळा. नसेल तर नुसत्या शोभेच्या एम ५ स्क्रूला ४ ते ५ न्यूटन-मीटर आणि एम ६ ला ६ ते ७ न्यूटन-मीटर पुरेसं असतं.

तिसऱ्या तऱ्हेत मात्र पूर्ण ऑइल बदलायचंच काम समजा. इंजिन थोडं गरम करून ऑइल काढा, आणि तरीही झाकणामागे उरलेलं ऑइल येणारच म्हणून ट्रे आणि फडकं तयार ठेवा. बोल्ट काढताना पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार काढा आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी टोचून ठेवा. ही बालिश वाटणारी युक्ती आटे वाचवते, कारण बोल्ट दोन-तीन वेगळ्या लांबीचे असतात. लांब बोल्ट आखूड भोकात गेला की तळाला टेकतो. टॉर्क पाना (ठरवलेला जोर आला की सांगणारा पाना) ‘टक्’ करतो, तुम्हाला वाटतं आवळलं, पण झाकण दाबलेलंच नसतं. आणखी जोर दिला तर कास्टिंगला तडा जातो. आखूड बोल्ट लांब भोकात गेला तर दोन-चार आट्यांवरच सगळा भार येतो आणि ते सोलून निघतात. ॲल्युमिनियममध्ये एम ६ बोल्टचे किमान ९ मिमी आटे गुंतले पाहिजेत, १२ मिमी असले तर उत्तम. तपासायची पद्धत अशी: सगळे बोल्ट न फिरवता नुसते भोकात सोडा. सगळ्यांची डोकी झाकणापासून सारख्याच उंचीवर उभी राहिली पाहिजेत. एखादं वेगळं दिसलं तर तो बोल्ट दुसऱ्या जागेचा आहे.

याच कारणाने कव्हरची जाडी महत्त्वाची. जुनं शोभेचं कव्हर ३ मिमी जाड होतं आणि ते काढून तुम्ही नुसतं झाकण ठेवणार असाल, तर तेच बोल्ट आता ३ मिमी जास्त आत जातील आणि तळाला टेकतील. तेवढे आखूड बोल्ट घ्या. नवं कव्हर जास्त जाड असेल तर उलट, फरकाइतके लांब बोल्ट घ्या. कव्हर काढल्यावर ऑइल गळायला लागलं, पॅकिंग बदललं तरी थांबेना, अशा तक्रारीत बोल्ट तळाला टेकलाय का हे सगळ्यांत आधी बघावं.

झाकण उघडल्यावर आतली स्प्रिंग, वॉशर आणि फिल्टरच्या मधल्या नळीवरची छोटी ओ-रिंग कोणत्या क्रमाने आहेत त्याचा फोटो काढा. फिल्टरवर बाहेरची बाजू छापलेली असेल तर ती बाहेरच हवी. उलटा बसला तर ऑइल अडतं किंवा न गाळता पुढे जातं. झाकणाची मोठी ओ-रिंग नवीन घाला. जुनी काढून बोटांत धरलीत तर तिचा गोल छेद चपटा झालेला दिसेल. ती पुन्हा नीट दाबली जात नाही. नव्या ओ-रिंगला ऑइल लावून खाचेत चहूबाजूंनी बसवा. तिच्यावर सीलंट लावू नका, सुटलेला तुकडा ऑइलच्या बारीक वाटा बंद करतो. झाकण हाताने सरळ दाबा, बोल्ट बोटांनी जातील तेवढे फिरवा, मग समोरासमोरचे आळीपाळीने दोन टप्प्यांत आवळा. एम ६ साठी मॅन्युअलमध्ये बहुधा १० न्यूटन-मीटरच्या आसपास आकडा असतो. तो सुक्या आट्यांसाठी असतो. गंज टाळायला आट्यांना अँटी-सीझ लावलंत तर २० ते ३० टक्के कमी करा, कारण वंगणामुळे त्याच टॉर्कवर बोल्ट जास्त ताणला जातो.

आटे आधीच गेलेले असतील तर जाड बोल्ट घुसवू नका. एम ६ च्या जागी स्प्रिंगसारखा स्टीलचा आट्यांचा संच बसवा. त्यासाठी साधारण ६.३ मिमीचं ड्रिल आणि त्याच संचातला टॅप लागतो. मूळ ॲल्युमिनियमपेक्षा हे आटे टिकाऊ असतात.

ऑइल भरून इंजिन सुरू करा. ऑइलच्या दाबाचा इशारा देणारा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर ताबडतोब बंद करा. मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवून कव्हरच्या खालच्या कडेला पांढरं फडकं टेकवा. डाग आला तर इंजिन बंद करून कारण शोधा, चालत्या इंजिनवर बोल्ट आवळू नका. मग काही मिनिटं थांबून पातळी बघा. मॅन्युअलमध्ये ऑइलचे फिल्टरसह आणि फिल्टरशिवाय असे वेगळे आकडे असतात, तुम्हाला लागू असलेला घ्या. पहिल्या १०० किलोमीटरनंतर थंड इंजिनवर बोल्ट आणि ग्रब स्क्रू एकदा तपासा. त्यानंतर टोपी असेल तर निदान प्रत्येक ऑइल बदलाला ती काढून मागचा डबा बघा, आणि मूळ बोल्ट कोणत्या जागेचे आहेत ते लिहून पिशवीत जपून ठेवा.